स्वप्नात दिसलेली अणूंची मांडणी खरी ठरवायला या माणसाची २० वर्षं गेली

१८९२ सालची गोष्ट. झुरिचमध्ये राहणारा एक तरुण केमिस्ट रात्री दोन वाजता झोपेतून ताडकन उठला. कित्येक दिवस डोक्यात घोळणारं कोडं झोपेत सुटलं होतं. तो लिहायला बसला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत त्याचा पेपर तयार झाला, असं सांगितलं जातं.

त्याचं नाव आल्फ्रेड वर्नर.

जन्म १२ डिसेंबर १८६६, फ्रान्समधल्या मुलूझचा. वडील लोखंडाच्या कारखान्यात कामाला. आल्फ्रेड पाच वर्षांचा होईपर्यंत युद्ध झालं आणि त्यांचा अल्सास प्रांत जर्मनीकडे गेला. घरात मात्र फ्रेंचच बोलली जायची. पुढे शिकायला तो झुरिचला आला, १८९० मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि तिथलाच झाला.

आता ते कोडं काय होतं ?

कोबाल्टसारखा धातू अमोनिया आणि क्लोरीनला सोबत घेऊन रंगीबेरंगी क्षार बनवतो. पण हे सगळे धातूला चिकटतात कसे, हे कुणाला नीट सांगता येत नव्हतं. त्या काळचे या विषयातले मोठे जाणकार म्हणजे कोपनहेगनचे सोफस यॉर्गनसेन. त्यांच्या मते अमोनियाचे रेणू रेल्वेच्या डब्यांसारखे एकामागोमाग जोडलेले असतात.

वर्नरने वेगळंच मांडलं. धातू मधोमध आणि त्याच्याभोवती सहा जण: वर, खाली, पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे. धातूला असं बिलगून बसणाऱ्यांना आज लिगँड म्हणतात.

१८९३ मध्ये पेपर छापून आला तेव्हा तो २६ वर्षांचा होता. त्याच वर्षी त्याला झुरिच विद्यापीठात प्रोफेसरकी मिळाली. पण एक अडचण होती. या क्षारांवर त्याने स्वतः फारसे प्रयोग केलेच नव्हते. आकडे बरेचसे यॉर्गनसेन यांचे, अर्थ फक्त त्याचा. पुरावा कुठाय, हा प्रश्न येणारच होता.

मग वर्नर कामाला लागला. लॅब तळघरात, इतकी अंधारी की तिला भुयारी दफनभूमीचं नाव पडलेलं. तिथे विद्यार्थ्यांना हाताशी धरून तो एकेक क्षार बनवत राहिला.

त्याचं गणित सोपं होतं. चार अमोनिया आणि दोन क्लोरीन घ्या. सहा जण सपाट रिंगणात बसत असतील, तर त्यांच्या तीन वेगळ्या मांडण्या होतील. पण वर्नरच्या आकारात दोनच होतात : दोन क्लोरीन शेजारी शेजारी, नाहीतर समोरासमोर. म्हणजे एकाच मालमसाल्याचे दोन पदार्थ मिळायला हवेत. हिरवा होता, दुसरा सापडत नव्हता.

१४ वर्षांनी, १९०७ मध्ये तो सापडला. रंग जांभळा. यॉर्गनसेन यांनी मोठ्या मनाने हार मानली.

पण वर्नर थांबला नाही. त्याचा आकार खरा असेल तर काही रेणू डाव्या-उजव्या हातासारखे असायला हवेत, दिसायला सारखे पण एकमेकांवर न बसणारे. १९११ मध्ये त्याचा अमेरिकन विद्यार्थी व्हिक्टर किंग याने असे रेणू वेगळे करून दाखवले. १९१३ मध्ये वर्नरला नोबेल मिळालं. केमिस्ट्रीचं नोबेल मिळवणारा तो पहिला स्विस नागरिक.

तरी शंका होतीच. त्या रेणूंमध्ये कार्बन होता, करामत त्याचीच असेल तर ? १९१४ मध्ये वर्नरने कार्बनचा एकही अणू नसलेला तसाच रेणू वेगळा केला. विषय संपला.

पण तोवर तब्येत ढासळली होती. १५ नोव्हेंबर १९१९ ला तो गेला, वय फक्त ५२.

आता आजच्या काळात येऊ. एकच रेणू लोहचुंबकासारखा वागू शकतो आणि आपली दिशा लक्षात ठेवू शकतो. उद्या डेटा साठवायला असे रेणू वापरता येतील का, यावर जगभर काम सुरू आहे. २००३ मध्ये जपानच्या नाओतो इशिकावा यांच्या टीमने दोन चपट्या रेणूंच्या मध्ये टर्बियमचा एक अणू बसवला आणि तो असा चुंबक झाला. टर्बियम हा लँथनाइड गटातला धातू.

इथेही खेळ मांडणीचाच आहे. टर्बियम आणि डिस्प्रोसियमचा इलेक्ट्रॉनांचा ढग भाकरीसारखा चपटा, म्हणून लिगँड वर आणि खाली हवेत. अर्बियमचा ढग काकडीसारखा उभट, म्हणून त्याला कमरेभोवती लिगँड हवेत. जागा चुकली की चुंबक लगेच आपली दिशा विसरतो.

२०१८ मध्ये ब्रिटन, चीन आणि फिनलंडच्या संशोधकांनी डिस्प्रोसियमच्या वरखालच्या लिगँडमध्ये बदल केले. ते धातूच्या जवळ आले, जवळपास सरळ रेषेत बसले आणि चुंबकाची स्मृती उणे १९३ अंशांपर्यंत टिकली. ऐकायला हे भयंकर थंड वाटतं, पण द्रव नायट्रोजन उणे १९६ चा असतो. म्हणजे महागडं द्रव हीलियम न वापरताही काम भागू शकतं.

वर्नरच्या हयातीत यातलं काहीच नव्हतं. पण धातूभोवती कोण बसलंय याच्याइतकंच ते कुठे बसलंय हेही महत्त्वाचं, हे त्याने त्या तळघरात सिद्ध करून ठेवलं होतं.