चोडणच्या कांदळवनाला लाभलेले नाव

रायबंदरहून निघालेली फेरीबोट मांडवी ओलांडू लागली की चोडण बेटाच्या पश्चिम टोकावरील कांदळवन दृष्टीस पडते. अवघ्या १.७८ चौरस किलोमीटरच्या या दलदलीला १९८८ साली पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. तिला लाभलेले नाव डॉ. सलीम अली यांचे आहे.

१२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत जन्मलेले सलीम बालपणीच पोरके झाले. मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांचा सांभाळ केला. कोवळ्या वयात त्यांनी छर्र्याच्या बंदुकीने एक चिमणी टिपली. तिच्या कंठावरील पिवळ्या ठिपक्याचे कोडे घेऊन ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. मानद सचिव मिलार्ड यांनी तेथील पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह त्यांच्यासमोर उघडला आणि आयुष्याची दिशा ठरली.

वाट मात्र खडतर होती. पक्षिशास्त्राच्या शिक्षणासाठी ते बर्लिनला प्रा. स्ट्रेसेमान यांच्याकडे गेले. १९३० मध्ये परतले तेव्हा मुंबईच्या संग्रहालयातील त्यांचे पद रद्द झालेले होते. पत्नी तेहमिना यांच्यासह ते अलिबागजवळच्या किहीमला राहू लागले. तेथे त्यांनी सुगरणींच्या वसाहतीचे महिनोन्‌महिने निरीक्षण केले. नर अर्धवट घरटे विणतो, मादीने ते पसंत केल्यावरच पूर्ण करतो आणि लगेच दुसऱ्या घरट्यामागे लागतो, हे त्यांनी नोंदवले. मृत नमुन्यांच्या मोजमापापलीकडे जाऊन जिवंत पक्ष्याच्या वर्तनाचा अभ्यास हीच पुढे त्यांची ओळख ठरली.

१९३९ मध्ये तेहमिना गेल्या. त्या दुःखातही काम थांबले नाही. १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरील त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ आला; पुढे डिलन रिप्ली यांच्यासह त्यांनी दहा खंडांचा महाग्रंथ सिद्ध केला. भरतपूरची पाणथळ शेतीसाठी वळवण्याची मागणी झाली, तेव्हा ती वाचवण्यासाठी त्यांनी आपले वजन खर्ची घातले. १९७६ मध्ये रॉबर्ट ग्रब यांच्यासह त्यांनी गोव्याच्या पक्ष्यांवर लेख प्रसिद्ध केला. त्याच वर्षी त्यांना पद्मविभूषण मिळाले. २० जून १९८७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

चोडणला ओहोटी लागली की गाळावर निवट्या आणि खेकडे बाहेर येतात. त्यांच्यामागोमाग बगळे आणि खंड्या उतरतात. पडीक समजून ही दलदल बुजवली, तर पक्ष्यांचे अन्नच नाहीसे होईल. पक्षी राखायचा तर त्याची जागा राखावी लागते, यासाठीच सलीम अली अखेरपर्यंत झटत राहिले.