पाण्यावर उभा राहिलेला राल्फ

अमेरिकेच्या नकाशावर मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन ही दोन राज्यं शोधा. त्यांच्या मधून मिसिसिपी नदी वाहते. एका ठिकाणी ती इतकी रुंद होते, की नदी वाटतच नाही. तिथे तिला लेक पेपिन म्हणतात. पैलतीरावर, म्हणजे पलीकडच्या काठावर, ‘लिटल हाऊस’ची पुस्तकं लिहिणारी लॉरा इंगल्स वाइल्डर जन्मली. अलीकडच्या काठावर लेक सिटी नावाचं छोटं गाव आहे. आपली गोष्ट या गावातली. 3 जुलै 1903 रोजी इथे राल्फ सॅम्युएलसनचा जन्म झाला.

मिनेसोटात थंडी म्हणजे काय असते, ते तिथे राहणाऱ्यांना विचारा! हिवाळाभर बर्फ. मुलं बर्फावर स्की करायची. उन्हाळ्यात मात्र सगळे तळ्यावर. त्या काळी पाण्यावर एक खेळ होता. एक रुंद फळी दोरीने बोटीला बांधायची आणि तिच्यावर उभं राहायचं. बोट फळीला ओढायची, माणूस फक्त तोल सांभाळायचा. राल्फलाही हा खेळ यायचा. पण त्याच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. बर्फावर स्कीने घसरता येतं, तर पाण्यावर का नाही? बर्फ म्हणजे तरी काय, पाणीच की!

1922 चा उन्हाळा आला. राल्फ तेव्हा 18 वर्षांचा होता. पहिल्यांदा त्याने लाकडी पिंपाच्या फळ्या पायाला बांधल्या. बुडाला. मग बर्फावरची स्की घातली. पुन्हा बुडाला. बर्फावरची स्की अरुंद असते आणि पाण्याला बर्फासारखा टणकपणा नसतो. पाण्यावर तरंगायचं तर फळी लांब हवी आणि रुंदही हवी.

मग तो लाकडाच्या वखारीत गेला. वखार म्हणजे जिथे लाकडाचा साठा असतो आणि विक्री होते ती जागा. तिथून त्याने पाइनच्या दोन फळ्या आणल्या. प्रत्येक फळी 8 फूट लांब आणि 9 इंच रुंद! आता तिचं टोक वर वळवायला हवं होतं. सुकं लाकूड वाकवलं की मोडतं, पण गरम पाण्यात चांगलं उकळलं की ते मऊ होतं. घरात एवढं मोठं भांडं एकच होतं, आईचं कपडे उकळायचं. राल्फने फळ्यांची टोकं त्यात उकळली आणि वाकवून घट्ट आवळून ठेवली. (आईचं काय म्हणणं पडलं असेल, ते तुमच्या आईला विचारून बघा.) पाय अडकवायला मधोमध चामड्याचे पट्टे ठोकले. दोरी कुठली? जुन्या खिडक्या वर-खाली सरकवायला जी मजबूत दोरी लावत, ती त्याने 100 फूट घेतली. टोकाला हातात धरायला लोहाराकडून, म्हणजे लोखंडाचं काम करणाऱ्या माणसाकडून, लोखंडी कडं करून घेतलं.

भाऊ बेन बोट चालवायचा. बोटीला चक्क ट्रकचं इंजिन बसवलेलं होतं. राल्फ पाण्यात उतरायचा, बोट निघायची, दोरी ताणली जायची आणि राल्फ गडप! असं एक-दोनदा नाही, कितीतरी वेळा झालं. काठावर लोक जमू लागले. काही जण हसायचे. सामानात आता काही खोट नव्हती. चूक होती ती उभं राहण्याच्या पद्धतीत. तो फळ्या आडव्या, पाण्याला समांतर ठेवायचा. बोटीने ओढलं की टोकं खाली जायची आणि फळ्या नांगरासारख्या पाण्यात घुसायच्या.

2 जुलैला त्याने एकच गोष्ट बदलली. तो मागे रेलला आणि फळ्यांची टोकं पाण्याच्या वर काढून ठेवली. बेनने बोट सोडली. या वेळी पाण्याने फळ्यांना खालून वर ढकललं, आणि राल्फ उभा राहिला! दुसऱ्या दिवशी त्याला 19 वर्षं पूर्ण झाली. आजही वॉटर स्कीइंग शिकवताना सगळ्यात आधी हेच शिकवतात: टोकं वर, अंग मागे.

मग काय, राल्फ थांबेना. 1925 मध्ये त्याने पाण्यावरून उडी मारायची ठरवली. त्यासाठी एक उतरता लाकडी मंच घेतला. पण कोरड्या लाकडावर स्की सरकेना, म्हणून मंचाला चरबी फासली, आणि मग तो हवेत उडाला! त्याच वर्षी पाण्यावर उतरणाऱ्या एका विमानाने त्याला ताशी 80 मैल वेगाने ओढलं. हे वाचताना माझे तर हातच दुखायला लागतात. अंगात जाकीट नाही, डोक्यावर शिरस्त्राण नाही!

एक गोष्ट मात्र त्याने केली नाही. त्याने पेटंट घेतलं नाही. पेटंट म्हणजे ‘हा शोध याचा आहे’ असं सांगणारा सरकारी कागद. 1925 मध्येच न्यूयॉर्कच्या फ्रेड वॉलरने आपल्या पाण्यावरच्या स्कीचं पेटंट घेतलं. वॉलरने काही चोरलं नव्हतं, तो स्वतः हुशार संशोधक होता. पण कागद त्याच्याकडे होता, राल्फकडे नव्हता. मला वाटतं, आपण काही शोध लावलाय असं राल्फच्या मनातही आलं नसावं. त्याला मजा येत होती, एवढंच.

पुढे फ्लोरिडात बांधकामावर काम करताना त्याच्या पाठीला मोठी दुखापत झाली. स्कीइंग सुटलं. तो मिनेसोटाला परतला आणि टर्की पाळू लागला. वर्षांमागून वर्षं टर्कीच्या मागे गेली.

इकडे खेळ मोठा होत होता. 1939 मध्ये न्यूयॉर्कजवळ जोन्स बीचला अमेरिकेची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. स्लॅलम हा प्रकार तर बघण्यासारखा. बोट सरळ जाते, आणि स्कीवाला एकाच स्कीवर डावी-उजवीकडे वळत सहा तरंगत्या गोळ्यांना बाहेरून वळसा घालतो. हल्ली मोठ्या स्पर्धेत पुरुषांसाठी बोटीचा वेग ताशी 58 किलोमीटर असतो. सगळा खेळ 16 सेकंदांत संपतो. सहाही गोळे जमले की दोरी छोटी करतात. सुरुवातीला ती 18.25 मीटर असते, नंतर कमी कमी होत 10.25 मीटर. पण गोळा बोटीच्या वाटेपासून 11.5 मीटरवर! म्हणजे दोरी पुरतच नाही. उरलेलं अंतर आपल्या अंगाने आणि लांब केलेल्या हाताने भरून काढायचं. जवळजवळ पाण्यावर आडवं होऊन!

हे सगळं चालू असताना पहिला स्कीवाला कोण, हे खेळणाऱ्यांनाच ठाऊक नव्हतं.

1963 मध्ये एक वार्ताहर बाई सुट्टीसाठी लेक सिटीला आल्या. तळ्याकाठी कपडे बदलायच्या खोल्यांच्या भिंतीवर त्यांना दोन जुन्या, लांबलचक फळ्या टांगलेल्या दिसल्या. या कुणाच्या, असं त्यांनी विचारलं. उत्तर मिळालं. पेपरात बातमी आली. आता राल्फ साठीचे झाले होते, तेव्हा आपणही त्यांना ‘अहो’ म्हणू या. राष्ट्रीय संघटनेने चौकशी केली आणि 1966 मध्ये मान्य केलं, की वॉटर स्कीइंग सुरू केलं ते राल्फ सॅम्युएलसन यांनीच. त्या पहिल्या दिवसाला तेव्हा 44 वर्षं झाली होती.

1972 मध्ये लेक सिटीने या शोधाचा पन्नासावा वाढदिवस साजरा केला. त्याच वर्षी म्युनिक ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रात्यक्षिक म्हणून खेळला गेला, म्हणजे पदकांच्या यादीत न मोजता, फक्त दाखवण्यासाठी. 1977 मध्ये, वयाच्या 74 व्या वर्षी, राल्फ गेले.

लेक सिटीत अजूनही दर उन्हाळ्यात ‘वॉटर स्की डेज’ नावाची जत्रा भरते. मिरवणूक निघते, खाण्याचे ठेले लागतात, आणि लेक पेपिनच्या पाण्यावर बोटी धावतात.