गोलंदाज पळवणकर बाळू

इंग्लंडातील काउंटी सामन्यांचा खेळ श्रेष्ठ की ऑस्ट्रेलियातील शेफील्ड शील्ड स्पर्धेचा, असा वाद मधल्या सुटीत आमच्या भिवंडीच्या विद्यार्थ्यांत पुष्कळदा रंगतो. त्याचा निवाडा करण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु एखाद्या देशाच्या खेळाची पातळी कशाने मोजावी, हे ज्यांच्या चरित्रावरून उमगते, अशा एका थोर खेळाडूची हकीकत येथे सादर करावी असे आम्हांस वाटते.

पळवणकर बाळू यांचा जन्म १८७६ साली धारवाड येथे झाला. घराणे मूळचे कोकणातील पळवण गावचे. जात चांभार, अर्थात त्या काळच्या रूढीप्रमाणे ते अस्पृश्य गणले गेले. वडील लष्करी खात्यात चाकरीस असल्यामुळे त्यांचे बालपण पुण्यात गेले. तेथे पारश्यांच्या क्रिकेट क्लबात दरमहा ३ रुपयांवर ते नोकरीस लागले. खेळपट्टी झाडावी, रूळ फिरवावा आणि अधूनमधून सभासदांस चेंडू टाकावेत, एवढेच त्यांचे काम. पुढे युरोपियनांच्या पूना क्लबात त्यांस ४ रुपये मिळू लागले. तेथील नामांकित फलंदाज जे. जी. ग्रेग यांस ते तासन्‌तास गोलंदाजी करीत, आणि आपणांस बाद केल्यास ग्रेगसाहेब आठ आणे बक्षीस देत, अशी कथा सांगतात. हेच ग्रेग पुढे हॅम्पशायर काउंटीकडून खेळले. विलायती फलंदाजीची परीक्षा बाळूंनी अशी सरावाच्या जाळ्यातच घेतली होती. मात्र त्या क्लबात त्यांच्या हाती बॅट कोणी दिली नाही.

त्यांच्या डाव्या हाताच्या संथ गोलंदाजीची कीर्ती पसरली, तेव्हा पुण्याच्या हिंदू खेळाडूंनी त्यांस आपल्या संघात घेतले. मैदानावर चेंडू सर्वांच्या हातून फिरे. परंतु चहाच्या वेळी बाळूंना तंबूबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे व जेवणाचे पान वेगळे मांडले जाई. पुढे ते मुंबईस आले आणि हिंदू जिमखान्यातर्फे खेळू लागले. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला, त्या विजयात बाळूंचा वाटा मोठा होता.

१९११ साली पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदरसिंह यांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ विलायतेस गेला. तेथे काउंटीचे खेळाडू सबंध उन्हाळाभर जवळजवळ रोज खेळत; आपल्याकडे वर्षाकाठी मोजकेच मोठे सामने होत. हा फरक दिसून आला. प्रथम श्रेणीच्या १४ सामन्यांपैकी आपण १० हरलो, २ अनिर्णित राहिले, आणि लीस्टरशायर व सॉमरसेट यांविरुद्धचे २ जिंकले. एकट्या बाळूंनी मात्र सर्व सामने मिळून ११४ गडी बाद केले. त्यांपैकी प्रथम श्रेणीचे ७५ असून प्रत्येकास सरासरी २० धावा पडल्या. सबंध कारकिर्दीत त्यांनी १५ धावांच्या सरासरीने १७९ गडी टिपले. विलायतेचा हिशेब वजा केला, तर स्वदेशी प्रत्येक गडी सुमारे १२ धावांत पडला असे दिसते. दोन देशांच्या खेळातील अंतर या आकड्यांत आहे. आणि त्या अंतरापलीकडेही हा पुरुष उणा पडला नाही, हेही त्यांतच आहे.

एवढे होऊनही चौरंगी सामन्यांत हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांस कधीच लाभले नाही. १९२० साली त्यांस संघातूनच वगळण्यात आले, तेव्हा त्यांचे बंधू शिवराम व विठ्ठल यांनी खेळण्यास नकार दिला. अखेर बाळूंना उपकर्णधार नेमून समेट झाला. १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदू संघ विजयी ठरला. ज्येष्ठ बंधूस जे नाकारले, ते धाकट्यास मिळाले.

येथे इंग्लंडकडे पुन्हा पाहावे. बाळूंप्रमाणेच डावखुरे असलेले विल्फ्रेड ऱ्होड्स यांनी ४,००० हून अधिक गडी बाद केले. परंतु पगारी खेळाडू म्हणून यॉर्कशायरने त्यांस कर्णधार नेमले नाही. तो मान सद्गृहस्थ खेळाडूंचा समजला जाई. सद्गृहस्थ व पगारी हा भेद १९६२ साली मोडला. ऑस्ट्रेलियात शील्ड स्पर्धा १८९२ साली अवघ्या तीन संघांनिशी सुरू झाली. सामने थोडे, पण कर्णधारपदाच्या वाटेत असली भिंत नव्हती. १९२०–२१ साली त्याच ऑस्ट्रेलियाने इंग्लंडला पाचही कसोटी सामन्यांत हरविले. महायुद्धाने इंग्लंडचे तरुण हिरावले होते हे खरे. तरीही सामन्यांच्या संख्येवरून श्रेष्ठत्व ठरत नाही, एवढे खास.

बाळू पुढे सार्वजनिक कार्यात पडले. १९३७ च्या निवडणुकीत ते डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले व पराभूत झाले. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले.

शुभवर्तमानातील रुपयांच्या दृष्टांतात एक दास आपल्या वाट्याचे द्रव्य जमिनीत पुरून ठेवतो. बाळूंनी आपले पुरले नाही. ते पुरून टाकण्याचा यत्न इतरांनी केला. विद्यार्थीमित्रांनो, उद्या मैदानावर तुम्ही गडी वाटून घ्याल, तेव्हा कडेला उभे राहून चेंडू आणून देणाऱ्या मुलाकडे एकदा पाहा. आपल्या खेळाची पातळी तेथेच प्रथम मोजली जाते.