पडीक शेताची नोंद

बँकेतून निवृत्त झालो, पण कागद दिसला की आधी तारीख शोधायची खोड काही गेली नाही. म्हणूनच नाशिकच्या पांडवलेण्यांत मी शिल्पांपेक्षा भिंतीवरच्या लेखांपाशी अधिक रेंगाळतो. गौतमीपुत्र सातकर्णी मला तिथेच भेटला.

सातवाहनांचा हा राजा सुमारे १,९०० वर्षांपूर्वीचा. त्याच्याआधी या मुलखावर क्षहरात नहपानाचा अंमल होता. नहपानाचा जावई उषवदात याने भिक्षूंच्या खर्चासाठी गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे ३,००० कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले. त्यातल्या २,००० वर दरमहा शेकडा एक आणि १,००० वर पाऊण असे व्याज. दहाव्या लेण्यातली ही नोंद कुणाही बँकवाल्याला घरची वाटेल.

गौतमीपुत्राने नहपानाचा पाडाव केला, पण त्याचे नाणे वितळवीत बसला नाही. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभीला चांदीची १३ हजारांवर नाणी सापडली. त्यांतल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर नहपानाच्या ठशावरच गौतमीपुत्राचा ठसा मारलेला आहे. सत्ता बदलली, बाजार थांबला नाही.

राज्याच्या १८व्या वर्षी त्याने लष्करी छावणीतून गोवर्धनच्या अमात्याला आज्ञा धाडली: उषवदाताकडे असलेली २०० निवर्तने जमीन भिक्षूंना द्यावी, तीत राजपुरुषांनी पाऊल टाकू नये. पुढे कळले की ते गाव ओस आहे आणि शेत पडीक. मग २४व्या वर्षी राजाने आणि राजमातेने मिळून नवी आज्ञा काढली, नगराच्या शिवेवरच्या सरकारी जमिनीतून १०० निवर्तने द्यावीत. कारणही लिहिले. दोन्ही आज्ञा तिसऱ्या लेण्यात आजही आहेत.

नातू पुळुमावी गादीवर असताना आई गौतमी बलश्रीने त्याच लेण्यात मुलाची थोरवी कोरून घेतली. तिच्या लेखी त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले होते. आईने म्हणावे तेच ते.

मला मात्र त्या पडीक शेताचा राजा मोठा वाटतो. नोकरीत चुका झाकणारे पुष्कळ पाहिले; एकदोनदा मीही झाकल्या. एका ओस गावाची तक्रार सिंहासनापर्यंत पोचावी, आणि फसलेला हुकूम न पुसता शेजारी दुरुस्ती कोरावी, याला साम्राज्य चालवणे म्हणतात.