इंटरनेटचं स्वप्न पाहणारा मानसशास्त्रज्ञ

आधीच सांगून टाकते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर पोटात घाला. पण ही गोष्ट मराठीतच सांगायची होती, कारण जे भांडण झालं ते मराठीतच झालं होतं!

तिसऱ्या वर्षाचा मिनी प्रोजेक्ट. आम्ही चौघं. कुंडीतली माती कोरडी झाली की पंप आपोआप चालू होणार, ओली झाली की बंद. सोप्पं! काम वाटून घेतलं आणि दिवाळीला सगळे आपापल्या घरी गेलो. बाकीचं सगळं फोनवरच्या ग्रुपवर. तीनशेच्या वर मेसेज आणि जवळजवळ प्रत्येकाखाली ‘ओके’.

डेमोच्या दिवशी पंप चालू झाला तो थांबेचना. कुंडी भरली, टेबल भरलं, बाहेरून आलेल्या परीक्षकांची फाईल भिजली. कारण एवढंच, की सेन्सरचा आकडा मोठा म्हणजे माती ओली असं धरून मी कोड लिहिला होता. आमच्या सेन्सरचा आकडा कोरड्या मातीत वाढत होता. मी सगळा दोष सर्किट जोडणाऱ्या रूममेटला दिला. आठ दिवस आम्ही एका खोलीत राहून एकमेकींशी बोललो नाही.

सर ओरडले नाहीत. त्यांनी १९६८ सालच्या एका लेखाची झेरॉक्स हातात ठेवली. कॉम्प्युटर हे माणसांनी एकमेकांशी संवाद साधण्याचं साधन आहे, असा त्याचा विषय. लेखक दोन, जे. सी. आर. लिकलायडर आणि रॉबर्ट टेलर. लिकलायडर हे नाव मी इंटरनेटच्या इतिहासात वाचलं होतं, पण माणूस माहीत नव्हता. म्हणून शोधायला बसले.

जोसेफ लिकलायडरचा जन्म ११ मार्च १९१५ चा, अमेरिकेतल्या सेंट लुईसचा. वडील बॅप्टिस्ट चर्चचे धर्मोपदेशक, हा एकुलता एक मुलगा. लहानपणी विमानांची मॉडेल्स बनवायची, मोठेपणी जुनी मोडकी गाडी आणून खोलायची आणि परत जोडायची, हे त्याचे उद्योग. (आपल्या हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये असे नमुने आजही दिसतात.) सगळे त्याला ‘लिक’ म्हणायचे, म्हणून मीही तेच म्हणते.

१९३७ मध्ये त्याने वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीतून पदवी घेतली, तीही फिजिक्स, गणित आणि मानसशास्त्र अशा तीन विषयांत. आपल्याला एका ब्रँचमध्येच नाकी नऊ येतात! पुढे १९४२ मध्ये रॉचेस्टरहून पीएच.डी. विषय काय, तर मांजराच्या मेंदूत कुठल्या सुराची जागा कुठे असते. म्हणजे ज्याला आपण इंटरनेटचा एक आद्य माणूस म्हणतो, तो मुळात कानाचा अभ्यासक.

दुसरं महायुद्ध चालू होतं. बॉम्बर विमानांतल्या प्रचंड आवाजात वैमानिकांना रेडिओवरचं बोलणं कळत नव्हतं. हार्वर्डच्या प्रयोगशाळेत लिकने यावर काम केलं. आवाजाच्या लहरींची टोकं कापून टाकली तर आवाज कानाला कर्कश लागतो, पण शब्द मात्र समजतात, असं त्याला आढळलं. आवाज पोचणं वेगळं आणि अर्थ पोचणं वेगळं, याचा धडा त्याला इथेच मिळाला असावा असं मला वाटतं.

१९५० मध्ये तो एमआयटीत आला. तिथे सेज या हवाई संरक्षणाच्या प्रकल्पाशी त्याचा संबंध आला. यात माणसं पडद्यासमोर बसून रडारची माहिती बघत आणि कॉम्प्युटर लगेच उत्तर देई. त्या काळी बाकीकडे कॉम्प्युटर वापरणं म्हणजे कार्डांचा गठ्ठा खिडकीत द्यायचा आणि उत्तरासाठी तासन् तास थांबायचं. एक चूक झाली की परत रांगेत!

१९५७ मध्ये लिकने स्वतःवरच एक प्रयोग केला. दिवसभर आपण काय करतो याची नोंद ठेवली. निष्कर्ष असा, की ज्याला तो विचार करणं म्हणत होता त्यातला साधारण ८५ टक्के वेळ विचाराच्या तयारीतच जात होता. माहिती शोधणं, आकडे जुळवणं, आलेख काढणं. आलेख काढायला कित्येक तास लागत आणि काढून झाला की उत्तर क्षणात दिसे. हे वाचून मला आमच्या जर्नल्स आठवल्या. तुम्हालाही आठवल्या असतील.

त्याच वर्षी तो बीबीएन या ध्वनिशास्त्राच्या कंपनीत गेला आणि तिथे त्याने कॉम्प्युटर विकत घ्यायला लावला. १९६० मध्ये माणूस आणि कॉम्प्युटर यांच्या सहजीवनावर त्याने एक निबंध लिहिला. प्रश्न माणसाने विचारायचे, कष्टाची आकडेमोड यंत्राने करायची आणि दोघांनी मिळून विचार करायचा, असं त्याचं म्हणणं.

ऑक्टोबर १९६२ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या आर्पा या संस्थेत त्याला एका विभागाचं प्रमुखपद मिळालं. हातात पैसा आला. एका कॉम्प्युटरवर अनेकांनी एकाच वेळी काम करायचं, या टाइम-शेअरिंगच्या कल्पनेला त्याने तो दिला. एमआयटीचा प्रोजेक्ट मॅक त्यातूनच १९६३ मध्ये उभा राहिला. पुढे माऊस बनवणाऱ्या डग्लस एंगेलबार्टलाही त्याने मदत केली. एप्रिल १९६३ मध्ये त्याने या सगळ्या संशोधकांना एक पत्रक पाठवलं आणि त्यांच्या गटाला गमतीने आंतर-आकाशगंगा नेटवर्कचे सभासद म्हटलं. गंमत वरवरची होती, आतला प्रश्न गंभीर होता. प्रत्येकाचं यंत्र वेगळं, भाषा वेगळी. मग ही एकमेकांशी बोलणार कशी?

१९६४ मध्ये लिकने आर्पा सोडलं, पण कल्पना तिथेच राहिली. काही वर्षांनी टेलर त्याच खुर्चीवर आला. त्याच्या ऑफिसात तीन टर्मिनल होती, तीन ठिकाणच्या तीन कॉम्प्युटरांना जोडलेली. एकावरून उठून दुसऱ्यावर बसायचं. या वैतागातूनच त्याने १९६६ मध्ये नेटवर्कसाठी पैसे मिळवले. २९ ऑक्टोबर १९६९ ला लॉस एंजेलिसहून स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटला पहिला संदेश गेला. लॉगिन शब्दाची पहिली दोन अक्षरं पोचली आणि सिस्टिम क्रॅश! पहिल्याच डेमोला त्यांचंही आमच्यासारखंच झालं, हे वाचून फार बरं वाटलं.

आता सरांनी दिलेल्या लेखाकडे येते. त्यात लिक आणि टेलर यांनी सांगितलंय की बोलणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात त्या विषयाचं एक चित्र असतं. माहिती इकडून तिकडे गेली म्हणजे संवाद झाला असं नाही. दोन्ही चित्रं शेजारी ठेवून, तपासून, जुळवून घेतली तर संवाद. डोक्यातलं चित्र दुसऱ्याला दिसत नाही, कॉम्प्युटरच्या पडद्यावरचं दिसतं आणि दोघांना ते बदलताही येतं. एंगेलबार्टच्या यंत्रणेवर झालेल्या एका मीटिंगचा अनुभवही त्यात आहे. आठवड्याचं काम दोन दिवसांत झालं म्हणे.

आमच्या तीनशे मेसेजमध्ये एकही चित्र नव्हतं. चौघांच्या डोक्यात चार कुंड्या होत्या आणि चारही कुंड्यांना आम्ही ‘ओके’ म्हणत होतो.

खरं तर तीनच. लेखाच्या शेवटी दोघांनी एक प्रश्न विचारलाय. ऑनलाइन असणं हा सर्वांचा हक्क असेल की थोड्यांची सवलत? थोड्यांचीच राहिली, तर माणसामाणसांतली दरी वाढेल अशी त्यांना भीती होती. हे वाचल्यावर मी आमचा ग्रुप पुन्हा उघडला. आमच्यातल्या चौथ्याचा दिवाळीभर एकही मेसेज नव्हता. त्याच्या गावी रेंज येत नाही. त्याच्या गप्प राहण्याला आम्ही होकार धरलं होतं. आणि सेन्सरची माहिती नीट वाचलेला चौघांत तो एकटाच होता! परत आल्यावर त्याला कुणी विचारलं नाही आणि ग्रुपवर सगळं ठरलंय म्हणून तोही बोलला नाही.

लिक पुढे एमआयटीत परतला, १९७४-७५ मध्ये पुन्हा आर्पात जाऊन आला आणि १९८५ मध्ये निवृत्त झाला. २६ जून १९९० ला त्याचं निधन झालं. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, त्यानंतर पाच वर्षांनी. त्याने स्वतः कुठलं प्रसिद्ध यंत्र बनवलं नाही, त्यामुळे त्याचं नाव फार जणांच्या तोंडी नाही. माणसं हेरायची, त्यांना पैसा आणि मोकळीक द्यायची आणि त्यांना एकमेकांशी जोडायचं, हेच त्याचं काम.

आम्ही प्रोजेक्ट पुन्हा केला. लॅबमधल्या एका पडद्यासमोर चौघं बसलो आणि एकच आकृती काढली. पहिली ओळ चौथ्याने लिहिली, आकडा मोठा म्हणजे माती कोरडी. पंप वेळेवर थांबला. त्याआधी मी खोलीत रूममेटला सॉरी म्हटलं होतं. ती ‘ओके’ म्हणाली. या वेळी मी विचारलं, ओके म्हणजे नक्की काय? ती हसली आणि मग आम्ही रात्री दोनपर्यंत बोलत बसलो.