गादीवाल्याचा पोरगा : मोलिएर

घरचा चालता धंदा सोडून नाटकात घुसलेल्या पोराला आपल्याकडे काय म्हणतात, ते सांगायला नको. पॅरिसमध्येही वेगळं नव्हतं. १६२२ साली जन्मलेल्या ज्याँ-बाप्तिस्त पोकलँचे वडील राजाच्या महालातल्या गाद्या-पडद्यांचं काम बघत. हुद्दा बापाकडून मुलाकडे जाणारा, म्हणजे प्लेसमेंट जन्मतःच पक्की! पण १६४३ मध्ये यानं मादलेन बेजार वगैरे मंडळींबरोबर नाटक कंपनी काढली आणि पुढे मोलिएर हे नाव घेतलं. दोन वर्षांत कंपनी बुडाली, कर्जापायी तुरुंगवारीही झाली. मग बारा-तेरा वर्षं गावोगाव दौरे.

२४ ऑक्टोबर १६५८ ला चौदाव्या लुईसमोर प्रयोग लागला. आधी केलेली शोकांतिका बेतास बात. मग त्यानं स्वतःचा एक छोटा फार्स केला आणि राजा खूश! थिएटर मिळालं, तेही एका इटालियन मंडळीबरोबर वाटून. त्यांच्या नाटकांत मुखवट्यातले ठरीव नोकर, ठरीव म्हातारे असत. मोलिएरनं हेच साचे उचलले आणि त्यांना शेजारपाजारच्या माणसांचे चेहरे दिले. जुनं काही वाया घालवायचं नाही, हा त्याचा खाक्या. रोमन नाटककार प्लॉटसचा सोन्याचं मडकं जपणारा म्हातारा त्यानं १६६८ मध्ये पॅरिसचा कंजूष करून टाकला. तोच पुढे अत्र्यांच्या ‘कवडीचुंबक’मध्ये मराठी बोलला. देवलांच्या ‘संशयकल्लोळ’चं मूळही एका इंग्रजी नाटकामार्गे मोलिएरपर्यंतच जातं.

पण ‘तार्त्युफ’ महागात पडलं. देवाधर्माचं नाव घेऊन दुसऱ्याचं घर गिळणारा भोंदू १६६४ मध्ये त्यानं रंगमंचावर आणला आणि धर्ममार्तंड खवळले. नाटकावर बंदी आली. १६६७ मध्ये नाव बदलून केलं, तर एका प्रयोगात पुन्हा बंद. गडी चिवट. मधल्या काळात दुसरी नाटकं लिहून कंपनीचं पोट भरलं, अर्ज करत राहिला आणि १६६९ मध्ये परवानगी मिळवलीच. राजाचा वशिला होता हे खरं, पण राजालाही पाच वर्षं लागली!

१७ फेब्रुवारी १६७३. नाटक ‘काल्पनिक रोगी’, चौथा प्रयोग. धडधाकट असून आजारी असल्याचं मानणाऱ्या माणसाची भूमिका खरोखर छातीच्या दुखण्यानं खंगलेला मोलिएर करत होता. प्रयोगातच त्रास वाढला, तरी शेवटपर्यंत रेटलं. काही तासांत घरी गेला. नटानं धंदा सोडल्याचं कबूल केल्याशिवाय चर्च दफन करू देत नसे. त्याच्या बायकोला राजाकडे धाव घ्यावी लागली, तेव्हा कुठे रात्रीच्या अंधारात दफन झालं.

त्या नाटकातली त्याची खुर्ची पॅरिसच्या कोमेदी-फ्राँसेझनं अजून जपून ठेवली आहे.