दादरचं राजगृह आणि बाबासाहेब : स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांनी वाचावं असं एक आयुष्य

दादर : सहा डिसेंबर जवळ आला की विदर्भ, मराठवाडा, खानदेशातून गाड्या भरभरून माणसं दादरला येतात. चैत्यभूमीवर नतमस्तक होतात आणि परत जाताना शिवाजी पार्कवरच्या स्टॉलवरून पुस्तकं घेऊन गावी जातात. त्यात एमपीएससी, यूपीएससीची तयारी करणारी आपल्याकडची पोरंपोरीही असतात.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर परीक्षेत प्रश्न येतोच. म्हणून आपण सनावळ्या पाठ करतो. पण तुकडेबंदी, रिझर्व्ह बँक, वित्त आयोग, कामाचे तास, धरणं हे आजच्या बातम्यांतले विषय त्यांच्या आयुष्यात कुठे कुठे येतात, हे जोडून वाचलं तर चालू घडामोडींची निम्मी पार्श्वभूमी एका चरित्रातच मिळते.

चाळीतला विद्यार्थी

१४ एप्रिल १८९१ रोजी महू इथल्या लष्करी छावणीत भीमरावांचा जन्म झाला. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं आंबडवे, मंडणगड तालुका. वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते. साताऱ्याच्या शाळेत भीमरावांना वेगळं बसावं लागे आणि पाण्याच्या नळाला हात लावता येत नसे.

पुढे कुटुंब मुंबईत परळला चाळीतल्या एका खोलीत राहायला आलं. घरात गर्दी, बाहेर गिरण्यांचा भोंगा, तरी अभ्यास सुटला नाही. १९०७ मध्ये मॅट्रिक झाले. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी या मुलाला पुस्तकं दिली आणि बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे शब्द टाकला. महाराजांनी शिष्यवृत्ती दिली. १९१२ मध्ये अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र घेऊन एल्फिन्स्टन कॉलेजातून ते बी.ए. झाले. १९१३ मध्ये थेट अमेरिकेत, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोचले. तिथून १९१६ मध्ये लंडनला गेले.

अधिकारी झाले, पण राहायला जागा नाही

स्पर्धा परीक्षा देणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग नीट वाचावा. शिष्यवृत्तीच्या करारानुसार १९१७ मध्ये भीमराव बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. परदेशात शिकलेला, वरच्या हुद्द्यावरचा अधिकारी. पण कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर कागद दुरूनच टाकायचे. प्यायला पाणी मिळायची पंचाईत. गावात कुणी खोली देईना. शेवटी जात लपवून एका पारशी धर्मशाळेत राहिले. तेही उघडकीस आलं आणि लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढलं. अवघ्या काही दिवसांत त्यांना बडोदा सोडून मुंबईला परतावं लागलं. लायकी होती, नेमणूक होती, तरी खुर्चीवर टिकता आलं नाही.

त्याच वर्षी आणखी एक घाव बसला. इंग्लंडहून त्यांचं सामान ज्या बोटीने निघालं होतं ती पहिल्या महायुद्धात बुडाली. जमवलेली पुस्तकं समुद्रात गेली.

शेतीचे तुकडे आणि रुपयाचा प्रश्न

१९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्याच वर्षी भारतातल्या लहान शेतजमिनींवर त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. आपल्या गावात आजही भावाभावांत वाटण्या होऊन गुंठ्यांवर आलेली शेती आपण बघतोच. बाबासाहेबांचं म्हणणं असं होतं की नुसते तुकडे एकत्र करून भागणार नाही. जमीन किती यापेक्षा तिच्यावर भांडवल किती, औजारं किती, आणि पोट भरणारी माणसं किती हे पाहायला हवं. शेतीवरचा जादा माणसांचा भार उद्योगांकडे वळवावा, हा त्यांचा उपाय. पुढे १९४७ मध्ये मुंबई प्रांतात तुकडेबंदीचा कायदा झाला. त्यातल्या बदलांच्या बातम्या वाचताना १९१८ चा हा निबंध आठवावा.

१९२० मध्ये त्यांनी मूकनायक हे पाक्षिक सुरू केलं आणि अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला पुन्हा लंडनला गेले. १९२३ मध्ये रुपयाच्या समस्येवरचा त्यांचा ग्रंथ आला आणि लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. मिळाली. १९२५ मध्ये ब्रिटिश भारतातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा ग्रंथ आला. मध्यवर्ती सरकार आणि प्रांत यांच्यात पैशाची वाटणी कशी होत गेली, हा त्याचा विषय. आज कलम २८० खाली नेमला जाणारा वित्त आयोग केंद्र आणि राज्यांमधल्या याच वाटणीचं काम करतो.

इथे एक गोष्ट जपून लिहा. बाबासाहेबांनी रिझर्व्ह बँक स्थापन केली असं सोशल मीडियावर सर्रास फिरतं. खरं असं की १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी चलनाबद्दल साक्ष दिली. मध्यवर्ती बँकेची शिफारस या आयोगाने केली. १९३४ च्या कायद्याने १ एप्रिल १९३५ पासून रिझर्व्ह बँक सुरू झाली.

पाणी, खोत आणि पुस्तकांचं घर

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह झाला. सार्वजनिक पाणवठ्यावर सगळ्यांचा हक्क, एवढीच साधी मागणी होती. १९३० ते १९३२ या काळात लंडनला तीन गोलमेज परिषदा झाल्या आणि तिन्ही परिषदांना ते हजर होते. १९३२ मध्ये पुणे करार झाला.

याच सुमारास दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी घर बांधलं. नाव ठेवलं राजगृह. प्राचीन मगधाच्या राजधानीचं हे नाव बुद्धाच्या काळाशी जोडलेलं. घर बांधताना पहिला विचार पुस्तकांचा होता. बोटीबरोबर बुडालेल्या पुस्तकांच्या जागी त्यांनी एकेक ग्रंथ जमवला आणि पुढे हजारो पुस्तकांचा संग्रह उभा राहिला. परळच्या चाळीतून ते इथे राहायला आले. पण सुख फार टिकलं नाही. २७ मे १९३५ रोजी रमाबाईंचं निधन झालं. परदेशातल्या शिक्षणाच्या वर्षांत हलाखीत घर सांभाळलेली ही माऊली होती.

१९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधानसभेत खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. कोकणात खोत हा सरकार आणि कुळाच्या मधला सारा वसूल करणारा माणूस. कुळाच्या पिकावर त्याचा हात असायचा. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा मुंबईत आला. विधेयक तेव्हा मंजूर झालं नाही, पण स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये खोती निर्मूलनाचा कायदा झाला.

कामाचे तास आणि नद्यांचं पाणी

१९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. १९४६ च्या कारखाना कायद्यातल्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतले कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आले, म्हणजे सहा दिवस धरले तर दिवसाला आठ. केंद्राने २०१९ आणि २०२० मध्ये जुन्या कामगार कायद्यांच्या जागी चार संहिता मंजूर केल्या. त्यांच्यावरची चर्चा वाचताना हा इतिहास माहीत हवा.

पाटबंधारे आणि वीज हे विषयही तेव्हा याच खात्याकडे होते. दामोदर खोऱ्यात पूर, सिंचन आणि वीज यांचा एकत्र विचार करणाऱ्या योजनेची आखणी या काळात झाली आणि १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळाचा कायदा आला. आजच्या केंद्रीय जल आयोगाची सुरुवातही १९४५ मधली.

संविधान आणि तुमचा परीक्षेचा अर्ज

२९ ऑगस्ट १९४७ रोजी संविधानाच्या मसुदा समितीची नेमणूक झाली. बाबासाहेब तिचे अध्यक्ष झाले. मसुदा समितीचे अध्यक्ष आंबेडकर, संविधान सभेचे अध्यक्ष राजेंद्र प्रसाद. इथे बरेच जण गडबडतात. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान स्वीकारलं गेलं. तेव्हा त्यात ३९५ कलमं आणि ८ परिशिष्टं होती.

आता बडोद्याचा प्रसंग परत आठवा. सरकारी नोकरीत सगळ्यांना समान संधी देणारं कलम १६. अस्पृश्यता नष्ट करणारं कलम १७. केंद्रात आणि राज्यात लोकसेवा आयोग असावेत हे सांगणारं कलम ३१५. ज्या माणसाला जातीमुळे नोकरी सोडून पळावं लागलं, त्याच्या अध्यक्षतेखाली तयार झालेल्या मसुद्यातून ही कलमं देशाला मिळाली. तुम्ही मोबाईलवरून एमपीएससीचा जो अर्ज भरता, त्याच्यामागे हीच कलमं उभी आहेत.

देशाचे पहिले कायदेमंत्री असताना त्यांनी हिंदू कोड बिल मांडलं. बाईला वारसा आणि घटस्फोटाचा हक्क देणारं हे बिल अडकलं, तेव्हा १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं. त्यातले बरेच मुद्दे १९५५-५६ मध्ये वेगवेगळ्या कायद्यांतून आले. १९५२ च्या लोकसभा निवडणुकीत ते मुंबईतून हरले, मग राज्यसभेवर गेले.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचं महापरिनिर्वाण झालं. पार्थिव मुंबईला राजगृहात आणलं गेलं आणि दुसऱ्या दिवशी दादर चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. तिथेच आज चैत्यभूमी आहे. जवळच्या इंदू मिलच्या जागेवर त्यांचं स्मारक उभारण्याचं काम हाती घेतलं गेलं. १९९० मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न मिळालं.

परीक्षेसाठी जोड्या लावून ठेवा

- लहान शेतजमिनींवरचा निबंध : १९१८
- मूकनायक : १९२०
- रुपयाच्या समस्येवरचा ग्रंथ : १९२३
- महाड सत्याग्रह : १९२७
- स्वतंत्र मजूर पक्ष : १९३६
- खोती विधेयक : १९३७
- मजूर खातं : १९४२ ते १९४६
- मसुदा समिती : १९४७

सन पाठ करताना प्रत्येकासमोर आजची एक बातमी लिहून ठेवा. मुख्य परीक्षेत उत्तर लिहिताना हीच जोडी कामाला येते. आणि कधी मुंबईला गेलात तर दादर स्टेशनपासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर राजगृह आहे, तेही बघून या.